‘अडखळताच कामा नये’ या हट्टाविषयी

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

“मी ३७ वर्षांची आहे. लहानपणापासून तोतरी बोलते. एका कंपनीत हिशेब विभागात आहे. कामात माझा हात कुणी धरू शकत नाही, पण बोलायची वेळ आली की त-त-प-प होतं. ‘प’ आणि ‘क’वरून सुरू होणारे शब्द मी टाळते. अनोळखी ठिकाणी कधीकधी स्वतःचं नावसुद्धा दुसरंच सांगते. फोन उचलत नाही, मेसेज करते. बैठकीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही आणि बैठक झाल्यावर दोन-तीन दिवस तेच डोक्यात फिरत राहतं. वर्षभर वाचा-उपचार घेतले. त्या खोलीत छान बोलते, बाहेर आले की जैसे थे. मी स्वतःला काही नियम घालून घेतले आहेत. महत्त्वाच्या माणसासमोर अडखळायचं नाही. एका वाक्यात दोनदा अडखळले तर पुढे बोलायचं नाही. आणि अस्खलित बोलता येईल तेव्हाच मोठी जबाबदारी घ्यायची. या शेवटच्या नियमामुळे गेल्या वर्षी बढती नाकारली. कारण घरच्या अडचणीचं दिलं. आता पुन्हा विचारणा झाली आहे आणि महिनाभरात उत्तर द्यायचं आहे. वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी मानसशास्त्रज्ञाकडे जायला सुचवलं. म्हणजे माझा तोतरेपणा मानसिक आहे का? धाकटी बहीण म्हणते, ‘ताई, तू उगाच टेन्शन घेतेस.’ मैत्रिणीने बैठकीआधी घ्यायला तिची एक गोळी दिली होती, ती दोनदा घेतली आणि बरं वाटलं. गोळीच चालू ठेवली तर? बढतीला काय उत्तर देऊ?”

प्रिय वाचक,

तुम्हाला सगळ्यात जास्त टोचलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुमचा तोतरेपणा मानसिक नाही. बहुतेकांमध्ये तो दोन ते पाच वर्षांच्या वयात, मूल वाक्यं जुळवू लागतं त्या सुमाराला सुरू होतो. तो घराण्यात चालत आलेला दिसतो, त्याच्याशी निगडित काही जनुकंही सापडली आहेत, आणि मेंदूच्या चित्रणात बोलण्याच्या हालचालींचा मेळ घालणाऱ्या भागांमध्ये फरक आढळतात. भित्रा स्वभाव, आईवडिलांचा धाक किंवा टेन्शन यांतून तो उगवत नाही. ताणामुळे एखाद्या दिवशी वाढतो, एवढंच. बऱ्याच मुलांचा तो आपोआप जातो. मोठ्या माणसांत शंभरात सुमारे एकाचा राहतो. तुमचा राहिला, त्यात तुमचा काडीचाही दोष नाही.

मग मनाचे उपचार कशाला? कारण इतक्या वर्षांत तोतरेपणा एकटा राहिलेला नसतो. तीन वर्षांची मुलगी अडखळते आणि पुढे खेळायला पळते. सदतीस वर्षांची बाई अडखळते तेव्हा तिच्या मागे वर्गात हजेरी देताना पिकलेला हशा असतो, ‘हॅलो, आवाज येत नाही’ म्हणून कुणीतरी तोडलेले फोन असतात, ‘सावकाश बोल’ असं शेकडो वेळा ऐकलेलं असतं. जोसेफ शीहान हे स्वतः तोतरे बोलणारे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली होती: कानाला ऐकू येतं ते वरचं टोक, आणि भीती, लाज, टाळाटाळ हा पाण्याखालचा मोठा भाग. तुमच्या पत्रात प्रत्यक्ष अडखळण्याबद्दल जेमतेम एक वाक्य आहे. बाकीचं सगळं पाण्याखालचं आहे.

हे तुमच्या एकटीचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००९ मध्ये वाचा-उपचारासाठी आलेल्या प्रौढांची तुलना इतरांशी केली, तेव्हा या लोकांमध्ये चिंतेचा एखादा विकार असण्याची शक्यता सहा ते सात पट आढळली. त्यातही चारचौघांसमोर आपलं हसं होईल, लोक आपल्याला तोलतील ही भीती सगळ्यात ठळक होती.

त्याच्या आदल्या वर्षी, २००८ मध्ये, ऑस्ट्रेलियातलेच मानसशास्त्रज्ञ रॉस मेन्झीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा पण नीट आखलेला अभ्यास प्रसिद्ध केला. तोतरे बोलणाऱ्या प्रौढांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला फक्त वाचा-उपचार दिले. दुसऱ्याला आधी विचार आणि वर्तन यांवर काम करणारा मानसोपचार, म्हणजे सीबीटी, आणि मग वाचा-उपचार. शेवटी तीस जणांच्या नोंदी हाती आल्या. सुरुवातीला त्यांच्यातल्या ६० टक्के लोकांना समाजभयाचा विकार, म्हणजे चारचौघांत हसं होण्याची वर सांगितलेली भीती, होती. वर्षभरानंतर मानसोपचार घेतलेल्या गटात हा विकार कुणालाच उरला नव्हता. ही माणसं टाळत होती त्या गोष्टी करू लागली होती, त्यांची चिंता दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरली होती. आणि अडखळणं? त्यात मानसोपचारामुळे काहीच जास्तीचा फरक पडला नव्हता.

हे शेवटचं वाक्य तुम्हाला निराश करेल, तरीही मी ते लपवणार नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातली ती सगळ्यात आशा देणारी गोष्ट आहे. बोलणं होतं तसंच राहिलं आणि आयुष्य मोकळं झालं. म्हणजे तुम्हाला बैठकीच्या आदल्या रात्री जागं ठेवणारी गोष्ट आणि ‘प’ अडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर उपचार आहे, आणि त्यासाठी दुसरी बरी होण्याची वाट पाहावी लागत नाही.

आता त्या आदल्या रात्रीकडे पाहू. तुम्ही पडल्या पडल्या उद्याची वाक्यं चाळता, अडणारे शब्द शोधता, त्यांच्या जागी दुसरे बसवता. बैठकीत तुमचं निम्मं लक्ष समोरच्याच्या बोलण्यावर, निम्मं स्वतःच्या जिभेवर असतं. आपण कशा दिसतोय, चेहरा लाल झालाय का, ते हसतायत का, याचं एक चित्र मनात सतत चालू असतं, आणि ते चित्र खरंच तसं आहे का हे तपासायला मान वर करण्याचं धाडस होत नाही. नंतर दोन-तीन दिवस त्या बैठकीची चिरफाड. क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये समाजभयाचं जे चक्र मांडलं, त्यात हे तिन्ही टप्पे आहेत: आधीची धास्ती, त्या वेळी स्वतःवर रोखलेली नजर, नंतरचा पंचनामा.

या चक्राला इंधन पुरवतात त्या तुमच्या युक्त्या. शब्द बदलणं, खोकल्याचं निमित्त करणं, फोनऐवजी मेसेज, दुसरंच नाव सांगणं. या युक्त्या त्या क्षणी वाचवतात, म्हणूनच त्या सुटत नाहीत. पण त्यांची किंमत अशी की बैठक नीट पार पडली तर श्रेय युक्तीला जातं: ‘शब्द बदलला म्हणून वाचले.’ न बदलता अडखळले असते तर काय झालं असतं, हे तुम्हाला इतक्या वर्षांत कळलेलंच नाही. भीती बरोबर आहे की चूक, हे तपासायची संधीच तुम्हाला मिळत नाही. वाचा-उपचारात शिकलेलं संथ, लांबवून बोलण्याचं तंत्रसुद्धा अशी युक्ती होऊ शकतं. सोपं बोलता यावं म्हणून ते वापरलं तर उत्तम. ‘कुणाला कळू नये’ म्हणून वापरलं, तर ते लपायची आणखी एक जागा होतं. त्या खोलीत जमलेलं बाहेर टिकत नाही यामागे हे एक कारण असू शकतं. बाहेर तुम्ही तंत्र वापरत नसता, पहारा देत असता.

तुमच्या नियमांवर मला जरा जास्त थांबायचं आहे, कारण ताणाचं मूळ तिथे आहे असं मला वाटतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून जी उपचारपद्धती उभी केली, तिला आपण विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतो. त्यांचं म्हणणं असं की माणसाला इच्छा असते तोवर तो निराश होतो, खट्टू होतो, पण मोडत नाही. इच्छेचा हट्ट झाला की तो मोडायला लागतो. ‘अडखळले नाही तर बरं होईल’ ही इच्छा आहे, आणि ती अगदी रास्त आहे. ‘अडखळताच कामा नये’ हा हट्ट. दोन्ही वाक्यं दिसायला शेजारी-शेजारी असली तरी शरीराला ती फार वेगळी लागतात. ‘प’ म्हणताना ओठ क्षणभर मिटतात, मागे हवा थांबते, आणि ओठ सुटले की आवाज येतो. त्याला फार हलका स्पर्श पुरतो. ‘क’ला जिभेची मागची बाजू टाळूला टेकते, तेही तसंच. आता डोक्यात हुकूम सुटला की इथे अडायचं नाही, की तुम्ही जोर लावता. जोराने ओठ आणखी घट्ट मिटतात. जीभ टाळूला रुतते. जो अडथळा कदाचित अर्ध्या सेकंदात सुटला असता, तो ताणला जातो, मान आखडते, डोळे मिटतात. माणूस जितका महत्त्वाचा तितका हुकूम कडक, आणि हुकूम कडक तितका जोर जास्त. तुमचा पहिला नियम नेमका ज्या जागी तुम्हाला सोपं जायला हवं, तिथेच ते अवघड करून ठेवतो.

दुसरा नियम, दोनदा अडखळले की गप्प, हा मला सगळ्यात क्रूर वाटला. तो पाळायचा म्हणजे बोलताना सतत मोजणी चालू ठेवायची. मुद्दा काय होता, समोरच्याने काय विचारलं, हे सगळं मोजणीत वाहून जातं. आणि अर्धवट सोडलेल्या वाक्याने समोरच्याला काय कळतं? तुम्ही अडखळलात हे तर कळलेलंच असतं. जे कळायचं होतं, तेवढंच राहून जातं.

तिसऱ्याबद्दल एवढंच म्हणेन की त्यात तारीख नाही. ‘अस्खलित बोलता येईल तेव्हा’ ही वेळ कुणी ठरवायची? जे तोतरे नाहीत तेही ‘म्हणजे’, ‘काय म्हणतात ते’ करत वाक्यं पुन्हा सुरू करतात. तुम्ही स्वतःला लावलेली अट त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांना पूर्ण करता येणार नाही.

हे वाचून तुम्ही म्हणाल, मला कळतं हो हे सगळं, पण लोक खरंच हसतात. बरोबर आहे. म्हणूनच ‘सकारात्मक विचार करा’ हा सल्ला तोतरे बोलणाऱ्यांच्या बाबतीत मला पोकळ वाटतो. तुमची भीती हवेतून आलेली नाही. काही लोक हसतात, काही फोन ठेवतात, काहींना वाटतं की तुम्हाला विषयच येत नाही. चांगला मानसशास्त्रज्ञ हे नाकारणार नाही. तो त्या घटनेच्या पुढे तुम्ही जोडलेल्या वाक्यावर बोट ठेवेल. ‘तो हसला’ ही घटना. ‘सगळेच हसतात’ हा एका घटनेतून काढलेला निष्कर्ष. तो मोजून पाहता येतो. ‘तो हसला म्हणजे मी या पदाच्या लायकीची नाही’ ही उडी आहे, आणि ती तुम्ही मारलेली आहे, त्याने नाही. ‘हे मला सहन होणार नाही’ हे तर तुमच्या आयुष्याकडे पाहून खोटंच ठरतं. तुम्ही ते लहानपणापासून सहन करत आला आहात, आणि तरीही तुमच्या विभागात सगळ्यात पक्क्या आहात.

मेन्झीस यांच्याच वर्तुळातल्या संशोधकांनी अशा विचारांची एक प्रश्नावली २००९ मध्ये प्रसिद्ध केली. तोतरे बोलणाऱ्या माणसांच्या मनात येणारी ६६ वाक्यं तिच्यात आहेत, आणि तिच्या २०११ मधल्या पुढच्या रूपात प्रत्येकापुढे तीन गोष्टी नोंदवायच्या: हा विचार किती वेळा येतो, त्यावर किती विश्वास आहे, आणि तो आला की किती भीती वाटते. ही विभागणी मला फार उपयोगी वाटते. काही विचार रोज येतात पण त्यांच्यावर आपला फारसा विश्वास नसतो. ते सवयीचे आवाज असतात. काही क्वचित येतात, पण आले की पूर्ण पटतात. उपचारात वेळ द्यायचा तो या दुसऱ्यांना. उपचाराच्या पहिल्या बैठकीला जाण्याआधी तुमची स्वतःची अशी वाक्यं, तुमच्याच भाषेत, लिहून काढा आणि त्यांच्यापुढे हे तीन रकाने भरा. तुमचे तीन नियम तर लिहून झालेलेच आहेत.

पण नुसत्या चर्चेने हे हलत नाही. हट्ट प्रत्यक्ष करून पाहूनच सैल होतो, आणि या उपचाराचा गाभा तोच आहे. तो साधारण असा चालतो. समजा चौकशीचा एक फोन करायचा आहे. आधी कागदावर भाकीत लिहायचं, मोघम नाही, नेमकं: ‘मी कंपनीचं नाव सांगताना अडले तर पलीकडचा माणूस फोन ठेवेल, याची खात्री ८० टक्के.’ मग फोन करायचा, शब्द न बदलता. अडखळलात तर अडखळायचं आणि वाक्य पूर्ण करायचं. फोन झाल्यावर त्याच कागदावर लिहायचं की प्रत्यक्षात काय घडलं. तुम्हाला कसं वाटलं ते नंतर. आधी समोरच्याने काय केलं, काय म्हटलं, माहिती मिळाली का. एका फोनने काही सिद्ध होत नाही. असे पुष्कळ झाले की त्या ८० टक्क्यांचा आकडा स्वतःहून खाली यायला लागतो. एखादा खरंच फोन ठेवेल. तोही कामाचा पुरावा आहे: फोन ठेवला, वाईट वाटलं, दुसरा लावला, काम झालं.

याच्या पुढची पायरी ऐकून बहुतेक जण दचकतात. मुद्दाम अडखळायचं. न अडणाऱ्या शब्दावर, सहज, जोर न लावता, समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत. वाचा-उपचारतज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर आणि शीहान, दोघेही स्वतः तोतरे बोलणारे, यांनी हे तंत्र फार पूर्वीपासून वापरलं. ज्या गोष्टीपासून पळत होतो ती स्वतःच्या इच्छेने केली की ‘कामा नये’ हा हुकूमच निकामी होतो. आणखी एक फायदा: मुद्दाम अडखळताना मन तुलनेने शांत असतं, त्यामुळे समोरचा चेहरा खरोखर बघता येतो. तिथे बहुतेक वेळा थट्टा नसते. थोडा गोंधळ, थोडं कुतूहल, आणि पुष्कळदा काहीच नाही. मात्र हे एकटीने एकदम सुरू करू नका. कुणासमोर, कुठल्या क्रमाने, हे उपचारकाबरोबर बसून ठरवा. सोप्यापासून सुरुवात करायची, आणि ‘आज दहा वेळा केलंच पाहिजे’ असा पण करायचा नाही.

तुमच्यासारख्या काटेकोर माणसाच्या बाबतीत मला इथेच काळजी वाटते. नियम करण्याची सवय उपचारालाही लागते. पूर्वीचा नियम ‘अडखळायचं नाही’, आता ‘घाबरायचं नाही’, ‘अविवेकी विचार मनात येऊच द्यायचा नाही’. मग छातीत धडधडलं की वाटतं उपचारही फसला. मी हे अनेकांच्या बाबतीत होताना पाहिलं आहे. अशा वेळी विचारांशी वाद घालत बसण्यापेक्षा वेगळी वाट धरावी लागते. स्वीकार आणि कटिबद्धता यांवर आधारलेली एक उपचारपद्धती आहे, तिला एसीटी म्हणतात. तिच्यात विचार खरा की खोटा याची शहानिशा बाजूला ठेवतात. ‘माझं हसं होणार’ असा विचार आला, तर ‘माझं हसं होणार असा विचार मला आता येतो आहे’ एवढीच नोंद घ्यायची, त्याला असू द्यायचं, आणि विचारायचं: या घडीला माझ्यासाठी काय महत्त्वाचं आहे? आकड्यातली चूक बैठकीत निदर्शनाला आणणं महत्त्वाचं असेल, तर भीती बरोबर घेऊन ती सांगायची. २०१२ मध्ये तोतरे बोलणाऱ्या वीस प्रौढांनी या पद्धतीने आठ आठवडे गटात उपचार घेतले आणि त्यांच्या जगण्यावरचा तोतरेपणाचा परिणाम कमी झाला. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून मी त्याचा फार मोठा डांगोरा पिटणार नाही. पण मनाचा लवचीकपणा हेच तिचं उद्दिष्ट असल्याने तुमच्यासाठी ती विचारात घेण्यासारखी नक्की आहे. पुष्कळ उपचारक दोन्ही पद्धती मिसळूनही वापरतात.

बहिणीबद्दल. ती प्रेमाने म्हणते यात शंका नाही, पण ‘टेन्शन घेऊ नको’ हाही एक हुकूमच आहे, आणि तुमच्याकडे हुकमांची कमतरता नाही. तिला सांगा की तुला मदत करायची असेल तर मी अडले की माझ्याकडे बघत राहा, वाक्य पूर्ण करू नको, आणि मी कशी बोलले याऐवजी काय बोलले त्याला उत्तर दे. तिच्यासमोर शब्द बदलणं थांबवणं ही तुमची पहिली आणि सगळ्यात सुरक्षित पायरी होऊ शकते.

इतरांना आपण होऊन सांगावं का? माझं मत, हो, पण कसं सांगता याला महत्त्व आहे. या विषयावर तोतरेपणाच्या संशोधक कोर्टनी बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये काम प्रसिद्ध केलं. बोलणाऱ्याने सरळ माहिती दिली तर ऐकणाऱ्याचं मत त्याच्याबद्दल चांगलं होतं; माफी मागत सांगितलं तर तो फायदा मिळत नाही. म्हणजे ‘माफ करा हं, माझं बोलणं जरा असंच आहे’ असं नको. ‘मी बोलताना अडखळते. थोडा वेळ जास्त लागेल. काही कळलं नाही तर विचारा.’ एवढं पुरे. ते सांगून झालं की लपवण्याचं ओझंच उरत नाही, आणि रात्री पर्यायी शब्द शोधत जागण्याचं कारणही कमी होतं.

गोळी बंद करा. दुसऱ्याच्या नावाची गोळी घेणं धोक्याचं आहेच. शिवाय चिंता झटकन उतरवणाऱ्या काही गोळ्यांची सवय लागते, आणि बैठक चांगली झाली तर श्रेय पुन्हा गोळीला जातं, म्हणजे आणखी एक युक्ती. तोतरेपणासाठी म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने आजवर एकही औषध मंजूर केलेलं नाही. चिंता किंवा नैराश्य जास्त असेल तर औषधांचा उपयोग होतो, पण ते मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर तुम्हाला तपासून ठरवतील. झोप सलग आठवडे उडाली, जगण्यात रस वाटेनासा झाला किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.

मानसशास्त्रज्ञ निवडताना दोन गोष्टी विचारा: समाजभयावर सीबीटी किंवा एसीटीने काम केलं आहे का, आणि तोतरे बोलणाऱ्यांबरोबर केलं आहे का. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तरी हरकत नाही, जर ते तुमच्या वाचा-उपचारतज्ज्ञ ताईंशी बोलायला तयार असतील. ‘लहानपणीचा धक्का काढला की तोतरेपणा जाईल’ असं कुणी म्हणालं, किंवा पूर्ण बरं करण्याची हमी दिली, तर उठून या. पहिल्या भेटीत ते तुम्हाला वाक्य पूर्ण करू देतात का, हेही बघा. त्यातून बरंच कळतं. समाजभयासाठीचा सीबीटी साधारण बारा ते सोळा बैठकांचा असतो, आणि दोन बैठकींच्या मधल्या दिवसांत तुम्ही जे करता त्यावर बरंच अवलंबून असतं. वाचा-उपचार सोडू नका. दोन्ही एकत्र चालू शकतात.

आता बढती. तिसरा नियम बाजूला ठेवून एकच प्रश्न स्वतःला विचारा: मी अजिबात तोतरी नसते, तर हे काम मला आवडलं असतं का? उत्तर ‘नाही’ असेल, तर निर्धास्तपणे नकार द्या, तो तुमचा हक्क आहे. उत्तर ‘हो’ असेल, तर मला वाटतं तुम्ही ‘हो’ म्हणावं, आणि उपचार पूर्ण होण्याआधी म्हणावं. महिनाभरात भीती जाणार नाही. ती जायला हवी, ही अट घातली तर पुढच्या वर्षीही हेच पत्र लिहावं लागेल.

‘हो’ म्हणताना तुमच्या वरिष्ठांशी समोरासमोर बोला, मेसेजवर नको. गेल्या वर्षीचं खरं कारण सांगायचं की नाही ते तुमच्या आणि त्यांच्या संबंधांवर अवलंबून आहे. सांगितलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही. पण यापुढचं मात्र सांगा: मी अडखळते, त्यावर उपचार सुरू करते आहे, मांडणी मी स्वतः करीन. सुरुवातीचे काही महिने विषयपत्रिका आदल्या दिवशी मिळावी, माझ्या मांडणीला पाच मिनिटं जादा असावीत, आणि मी बोलत असताना कुणी मध्ये वाक्य पूर्ण करू नये. या मागण्या कुठल्याही चांगल्या वरिष्ठाला अवघड वाटू नयेत. बोलायला जाण्याआधी वाक्यांची तालीम करायची असेल तर मुद्द्यांची करा, शब्दांची नको, आणि ‘प’वरून सुरू होणारा ‘पद’ हा शब्द तिथे आला, तर तोच वापरा.